हाडाच्या कॅन्सरला चरबी पोसते का? प्रयोगशाळेतला शोध आणि शहागडच्या घरातला प्रश्न

'तेल-तूप बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.' 'कोलेस्टेरॉलची साधी गोळी हाडाचा कॅन्सर रोखते.' अशा धाटणीचे मेसेज आणि रील्स दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा एखादं खरं संशोधन असतं. कॅन्सरच्या पेशी चरबी कशी तयार करतात, कशी साठवतात आणि कशी जाळतात, यावर जगभर काम सुरू आहे. हाडाचा कॅन्सरही त्याला अपवाद नाही.

अडचण सुरू होते ती प्रयोगशाळेतला निष्कर्ष थेट स्वयंपाकघरात आणि औषधांच्या डब्यात पोचल्यावर. कीमोथेरपी सुरू असलेल्या मुलाचं दूध-तूप बंद होतं, किंवा 'आधी हे करून बघू' म्हणत हॉस्पिटलची तारीख पुढे ढकलली जाते. या आजारात असा उशीर महाग पडतो.

म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा. चरबीशी संबंधित एन्झाइम हाडाच्या कॅन्सरमध्ये नेमकं काय करतात? त्यावर औषध आलं आहे का? आणि जालना जिल्ह्यातल्या शहागडसारख्या गावातल्या कुटुंबाला यातून आज काय घेता येईल?

शहागडमधून हा प्रश्न कसा दिसतो?

अंबड तालुक्यातलं शहागड गोदावरीच्या काठावर, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. आसपास ऊस, कापूस आणि सोयाबीनची शेती, जवळच अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना. दिवाळीच्या सुमाराला या पट्ट्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात.

हाडात सुरू होणारा कॅन्सर दुर्मिळ आहे. त्यातला मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. ढोबळमानानं दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला तीन ते पाच जणांना तो होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. हा हिशेब लावला तर संपूर्ण जिल्ह्यात वर्षाला दहाच्या आतबाहेर पेशंट निघतील.

दिलासा देणाऱ्या याच आकड्यात एक धोकाही आहे. गावातल्या डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत असा एखादाच पेशंट भेटतो. गुडघा दुखणारी मुलं मात्र रोज येतात. त्यामुळे पहिला संशय कॅन्सरचा येत नाही. खेळताना लागलं असेल, मुरगळलं असेल, वाढीचं दुखणं असेल, असं वाटतं. मग मलम, मालिश, हाडवैद्य, दुखण्याचं इंजेक्शन असा प्रवास सुरू होतो आणि आठवडे निघून जातात.

हाडाचा कॅन्सर म्हणजे नक्की कोणता?

'हाडाचा कॅन्सर' हे नाव दोन वेगवेगळ्या आजारांना वापरलं जातं. त्यांची गल्लत झाली की माहितीचीही गल्लत होते.

पहिला प्रकार हाडातच सुरू होणारा. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे त्यातले मुलांमध्ये दिसणारे मुख्य आजार. ऑस्टिओसार्कोमा बहुतेकदा वयात येताना, उंची झपाट्यानं वाढत असताना होतो. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या खाली नडगीत किंवा खांद्याजवळ दंडाच्या हाडात त्याची गाठ आढळते. तो पसरला तर सर्वांत आधी बहुधा फुफ्फुसात पसरतो.

दुसरा प्रकार दुसरीकडून हाडात आलेला. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, किडनी किंवा थायरॉइडचा कॅन्सर पसरत हाडात पोचतो. मोठ्या माणसांमध्ये हाच प्रकार कितीतरी जास्त आढळतो.

चरबीचा संबंध दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळ्या पद्धतीनं. त्यामुळे एका प्रकारातला निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

पेशीला चरबी लागतेच कशाला?

चरबी म्हटलं की पोटाचा घेर डोळ्यांसमोर येतो. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीचं बाहेरचं आवरण चरबीच्याच रेणूंचं बनलेलं असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नवं आवरण लागतं आणि त्यासाठी नवी चरबी लागते. शिवाय चरबी हा ऊर्जेचा साठा आहे आणि पेशींमधले अनेक निरोप चरबीच्या रेणूंमार्फतच जातात.

ही सगळी कामं एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हटलं आहे. साखर कारखान्यात जसा उसाचा रस काढायला एक यंत्र, तो गाळायला दुसरं आणि साखरेचे दाणे पाडायला तिसरं असतं, तसंच पेशीत प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं एन्झाइम असतं. एक बंद पडलं की पुढचं काम अडतं. कॅन्सरवरच्या बऱ्याच औषधांमागे हाच विचार आहे. पेशी ज्या यंत्रावर सर्वांत जास्त अवलंबून आहे, ते शोधायचं आणि थांबवायचं.

कोणते एन्झाइम संशयाच्या घेऱ्यात आहेत?

ऑस्टिओसार्कोमाच्या संदर्भात संशोधकांचं लक्ष मुख्यतः चार वाटांवर आहे.

पहिली वाट नवी चरबी तयार करण्याची. साखरेपासून मिळालेल्या कच्च्या मालाचं रूपांतर आधी एटीपी सायट्रेट लायेज हे एन्झाइम करतं. पुढे फॅटी अॅसिड सिंथेज हे मोठं एन्झाइम दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत सोळा कार्बनची साखळी तयार करतं. यकृत, चरबीच्या पेशी आणि दूध पाजणाऱ्या आईचं स्तन सोडलं तर प्रौढ शरीरात हे एन्झाइम फारसं काम करत नाही, कारण तयार चरबी जेवणातून मिळते. कॅन्सरच्या अनेक पेशींमध्ये मात्र ते जोरात चालू असतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे दाखवून दिलं आणि औषधाचं लक्ष्य म्हणून त्याची चर्चा सुरू झाली. पुढे ऑस्टिओसार्कोमाच्या गाठींमध्येही ते वाढलेलं आढळलं. फुफ्फुसात पसरलेल्या आजाराशी त्याचा संबंध दिसला. प्रयोगशाळेत ते दाबल्यावर पेशींची वाढ आणि शिरकाव मंदावला.

दुसरी वाट कोलेस्टेरॉल तयार करण्याची. या वाटेच्या मधल्या टप्प्यांवर चरबीच्या छोट्या शेपट्या तयार होतात. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारी काही प्रथिनं या शेपट्यांच्या आधारानंच आवरणाला चिकटतात. शेपटी नसेल तर हुकूम पोचत नाही. स्टॅटिन गटातल्या गोळ्या आणि झोलेड्रॉनिक अॅसिड हे इंजेक्शन याच वाटेवर, पण दोन वेगळ्या टप्प्यांवर काम करतात.

तिसरी वाट चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची. दुसरीकडून हाडात आलेल्या कॅन्सरमध्ये ही वाट महत्त्वाची ठरते. प्रौढ माणसाच्या हाडातल्या मज्जेत चरबीच्या पेशींचा मोठा वाटा असतो. प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी तिथे पोचल्या की शेजारच्या या पेशींमधली चरबी वापरतात, असं प्रयोगांमध्ये दिसलं आहे. आयतं कोठार मिळावं तसा हा प्रकार आहे.

चौथी वाट पेशीच्या मरणाची आहे. आवरणातल्या काही चरबींना लोहाच्या सान्निध्यात ऑक्सिजनमुळे गंज चढल्यासारखं होतं आणि पेशी फुटून मरते. या मरणाला २०१२ मध्ये 'फेरोप्टोसिस' हे नाव मिळालं. जीपीएक्स-४ नावाचं एन्झाइम हा गंज पुसत राहतं आणि पेशीला वाचवतं. ते अडवलं तर औषधांना दाद न देणाऱ्या कॅन्सर पेशीही मारता येतील का, याचा शोध ऑस्टिओसार्कोमातही सुरू आहे.

मग तेल-तूप बंद केलं तर?

वरची पहिली वाट पुन्हा पाहिली की उत्तर तिथेच मिळतं. कॅन्सरची पेशी चरबी स्वतः तयार करू शकते आणि त्यासाठी साखरेपासून मिळालेला कच्चा माल वापरते. गाठीतल्या पेशी साखरेपासून चरबी बनवतात हे १९५३ मध्येच ग्रेस मेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. त्यामुळे ताटातलं तूप काढल्यानं गाठीची चरबी तुटत नाही.

मग साखरही बंद करायची का? शरीर रक्तातली साखर एका पातळीच्या खाली जाऊ देत नाही. जेवण कमी पडलं तर ते स्नायू आणि चरबी मोडून साखर आणि ऊर्जा तयार करतं. म्हणजे उपाशी राहते ती गाठ नव्हे, तर मूल.

कीमोथेरपीच्या काळात मळमळ, तोंड येणं, चव जाणं यामुळे जेवण आधीच घटलेलं असतं. वजन घटलं आणि ताकद कमी झाली की औषधाचे डोस पुढे ढकलावे लागतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणूनच कॅन्सर हॉस्पिटलमधले आहारतज्ज्ञ अशा मुलांना अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे, तूप असा कमी घासात जास्त ताकद देणारा आहार सुचवतात. कोणाला मधुमेह, किडनी किंवा यकृताचा त्रास असेल तर आहार बदलतो. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय?

स्टॅटिन गोळ्यांचं मूळ जपानी संशोधक अकिरा एंडो यांच्या १९७० च्या दशकातल्या शोधात आहे. त्यांचं २०२४ मध्ये निधन झालं. हृदयविकार टाळण्यासाठी आज जगभर कोट्यवधी लोक या गोळ्या घेतात. प्रयोगशाळेत ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींवर स्टॅटिन टाकलं की त्या मरतात, हेही खरं आहे.

पण बशीतल्या पेशींवर वापरलेली मात्रा बहुतेक प्रयोगांत गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात सापडणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त असते. तेवढी मात्रा शरीरात पोचवायची तर स्नायू आणि यकृताला इजा होऊ शकते. ऑस्टिओसार्कोमाच्या नेहमीच्या उपचारात स्टॅटिनचा समावेश नाही.

दुसरं उदाहरण बेम्पेडोइक अॅसिडचं. एटीपी सायट्रेट लायेज या एन्झाइमला अडवणारी ही कोलेस्टेरॉलची गोळी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली. नाव ऐकून वाटेल, की कॅन्सरच्या चरबीचा कारखाना बंद करणारी गोळी आली. प्रत्यक्षात ही गोळी यकृतात पोचल्यावरच जागी होते. ती चालू करणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूंमध्ये नसतं. स्नायूंना त्रास होऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी निवडलेली आहे. गुडघ्याजवळच्या गाठीत ती काम करेल, असं मानायला आधार नाही.

थोडक्यात, एन्झाइम तेच असलं तरी औषध योग्य जागी, योग्य मात्रेत पोचतं का, हा वेगळा प्रश्न आहे. मेसेजमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

एक औषध जे खरोखर वापरात आहे

चरबीच्या एन्झाइमवर काम करणारं एक औषध हाडाच्या कॅन्सरमध्ये अनेक वर्षांपासून वापरलं जातं. ते म्हणजे झोलेड्रॉनिक अॅसिड. त्याची गोष्ट या सगळ्या संशोधनाचा धडा म्हणून वाचता येते.

आपलं हाड सतत मोडत आणि घडत असतं. हाड कुरतडणाऱ्या पेशी जुना भाग काढतात, घडवणाऱ्या पेशी नवा भरतात. दुसरीकडून आलेला कॅन्सर हाडात बसला की कुरतडणाऱ्या पेशींना चिथावतो. हाड पोकळ होतं, दुखतं, साध्या धक्क्यानं मोडतं.

झोलेड्रॉनिक अॅसिड हाडाला जाऊन चिकटतं. कुरतडणारी पेशी हाडासोबत तेही गिळते. आत गेल्यावर ते कोलेस्टेरॉलच्या वाटेवरचं फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे एन्झाइम बंद पाडतं. चरबीच्या शेपट्या तयार होत नाहीत आणि ती पेशी निकामी होते. त्यामुळे हाडात पसरलेल्या स्तन किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये फ्रॅक्चर आणि दुखणं कमी करायला हे इंजेक्शन उपयोगी ठरतं. भारतात ते जेनेरिक स्वरूपात मिळतं. ते देण्याआधी किडनी, कॅल्शियम आणि दात तपासावे लागतात, कारण काही पेशंटमध्ये जबड्याचं हाड खराब होण्याचा धोका असतो.

मग हेच औषध ऑस्टिओसार्कोमात का देऊ नये? हा प्रश्न संशोधकांनीही विचारला. पेशींवर आणि उंदरांवर निकाल चांगले होते. फ्रान्समध्ये २००७ पासून ओएस-२००६ नावाची मोठी चाचणी झाली. ३१८ पेशंटचे दोन गट केले. एकाला नेहमीची कीमोथेरपी आणि शस्त्रक्रिया, दुसऱ्याला तेच उपचार अधिक झोलेड्रॉनिक अॅसिड. निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्या गटाला फायदा झाला नव्हता, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली होती.

म्हणजे तेच एन्झाइम, तेच औषध आणि तेच हाड. एका आजारात उपयोग झाला, दुसऱ्यात झाला नाही. 'उंदरांमध्ये गाठ आटली' अशी बातमी वाचताना ही चाचणी आठवायला हवी.

दुखण्याची गोळीही चरबीच्याच एन्झाइमवर चालते

या विषयातला रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा भाग हा आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन ही औषधं सायक्लोऑक्सिजिनेज या एन्झाइमला अडवतात. हे एन्झाइम आवरणातल्या चरबीपासून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. दुखणं आणि सूज वाढवण्यात त्यांचा हात असतो.

हाडातल्या काही गाठी ही रसायनं भरपूर बनवतात. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही कॅन्सर नसलेली छोटी गाठ त्याचं नमुनेदार उदाहरण आहे. ती रात्री खूप दुखते आणि अॅस्पिरिनसारख्या गोळीनं दुखणं पटकन थांबतं. डॉक्टर याला निदानाची खूण मानतात.

यातून लक्षात घ्यायचं ते हे, की गोळीनं किंवा इंजेक्शननं दुखणं थांबलं म्हणजे काळजीचं कारण नाही, असं होत नाही. गोळी दुखण्याचं रसायन अडवते, गाठ तिथेच राहते. दोन दिवस बरं, पुन्हा दुखणं, पुन्हा इंजेक्शन, असं चक्र सुरू झालं असेल तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी एक्स-रे काढायला हवा.

नवं औषध यायला इतका वेळ का लागतो?

१९७० च्या दशकापूर्वी ऑस्टिओसार्कोमात पाय कापला तरी पाचपैकी चार पेशंट दगावत. कीमोथेरपी आल्यावर चित्र पालटलं. आजार पसरण्याआधी सापडला आणि पूर्ण उपचार झाले तर आज साधारण ६० ते ७० टक्के पेशंट पाच वर्षांच्या पुढे जगतात. निदानाच्या वेळीच तो पसरलेला असेल तर हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास येतं. पण १९८० च्या दशकानंतर या आकड्यांत मोठी झेप आलेली नाही.

त्याला तीन कारणं आहेत. आजार दुर्मिळ असल्यानं चाचणीसाठी पेशंट जमवायलाच वर्षं लागतात. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींमधला जनुकीय गोंधळ प्रत्येक पेशंटमध्ये वेगळा असतो, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं एक लक्ष्य मिळत नाही. आणि चरबीची यंत्रणा निरोगी पेशींनाही लागते. एक वाट अडवली तर कॅन्सरची पेशी बाहेरून चरबी उचलून दुसरी वाट काढते.

फॅटी अॅसिड सिंथेजला अडवणारं डेनिफॅनस्टॅट हे औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. त्याच्या चाचण्या फॅटी लिव्हरमध्ये आणि मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये झाल्या आहेत. ऑस्टिओसार्कोमाच्या ठरलेल्या उपचारात मात्र अशा औषधाला अजून जागा मिळालेली नाही.

दरम्यान, सुधारणा दुसऱ्या मार्गानंही होते. ऑस्टिओसार्कोमात जगभर वापरलं जाणारं एक औषध म्हणजे मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट. ते देताना रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते आणि ती सोय सगळीकडे नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं ते वगळून, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइड यांवर आधारलेली ओजीएस-१२ ही पद्धत विकसित केली आणि चांगले निकाल प्रसिद्ध केले. नव्या एन्झाइमचा शोध न लागताही, आहे तीच औषधं इथल्या परिस्थितीला जमतील अशी वापरून पेशंट वाचवता येतात, हे त्यातून दिसतं.

शहागडहून उपचारापर्यंतचा रस्ता

मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरमध्ये २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ते घाटीशी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. शहागडहून महामार्गानं तिथे पोचता येतं. जालन्यातही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. हाडाच्या गाठीची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया लागली तर अनेकांना मुंबईला टाटा मेमोरियलला पाठवलं जातं.

खर्चाच्या बाजूनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कीमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनचा समावेश आहे. योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू असून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. एसटी आणि रेल्वेच्या भाड्यात कॅन्सर पेशंटना सवलत असते. मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था मोफत राहण्याची सोय करतात. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी केली तर या गोष्टी लवकर मार्गी लागतात.

तरीही एक अडचण कोणत्याही योजनेत मावत नाही, ती म्हणजे वेळ. ऑस्टिओसार्कोमाचे उपचार साधारण सहा ते आठ महिने चालतात. आधी काही कीमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा कीमो. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच असतो. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याला कोयता मध्येच सोडता येत नाही. अशा घरात मुलाच्या उपचारासाठी एकाला मागे राहायचं म्हणजे जोडीच मोडते आणि अंगावरची उचल तशीच राहते. एखादा कीमो चुकला, शस्त्रक्रियेनंतर 'आता गाठ गेली' म्हणून उरलेले डोस सोडले, तर नजरेला न दिसणारा आजार फुफ्फुसात डोकं वर काढू शकतो.

त्यामुळे या भागासाठी प्रश्न फक्त नव्या औषधाचा उरत नाही. उपचार मध्येच सुटू नयेत म्हणून कोण पाठपुरावा करणार, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. आशाताई, शाळेतले शिक्षक आणि शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक यांना अशा मुलाची माहिती असेल, तर चुकलेली तारीख कोणाच्या तरी लक्षात येते.

कधी थांबायचं नाही?

गुडघा दुखणाऱ्या बहुसंख्य मुलांना कॅन्सर नसतो. घाबरून जायचं कारण नाही. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं:

- एकाच जागी, एकाच बाजूला दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलेलं दुखणं
- रात्री झोपेतून उठवणारं किंवा आराम करूनही न थांबणारं दुखणं
- हाडाला लागून कडक सूज, जी वाढत चालली आहे
- विशेष न लागता मोडलेलं हाड
- लंगडत चालणं किंवा सांधा पूर्ण न वाकणं
- मोठ्या माणसाला आधी कॅन्सर झालेला असताना नव्यानं सुरू झालेलं पाठीचं किंवा हाडाचं दुखणं

संशय असेल तर त्या जागी मालिश करू नये, चोळू नये. गाठीचा तुकडा तपासायचा असेल, म्हणजे बायोप्सी करायची असेल, तर ती शक्यतो पुढची शस्त्रक्रिया जिथे होणार त्याच केंद्रात करावी. चुकीच्या जागी छेद घेतला तर नंतर पाय वाचवणं अवघड होऊ शकतं. आज बऱ्याच पेशंटचा पाय कापावा लागत नाही. गाठीचा भाग काढून तिथे कृत्रिम सांधा बसवतात, किंवा तेच हाड बाहेर काढून, रेडिएशन देऊन पुन्हा बसवतात. हे शक्य व्हायचं तर गाठ आटोक्यात असताना पेशंट पोचायला हवा.

पुढची बातमी कशी वाचाल?

चरबीच्या एन्झाइमवरचं संशोधन थांबणार नाही आणि थांबूही नये. त्यातून एखाद दिवशी खरंच उपयोगी औषध निघेल. तोवर अशी बातमी समोर आली की चार प्रश्न विचारावेत. प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर झाला असेल तर दोन गटांची तुलना केली होती का? पेशंट जास्त जगले, की फक्त गाठ लहान झाली? आणि तो हाडात सुरू झालेला कॅन्सर होता, की दुसरीकडून आलेला?

या चारही प्रश्नांची उत्तरं मेसेजमध्ये नसतील, तर तो पुढे पाठवण्यापेक्षा आणि त्यावरून मुलाचं ताट बदलण्यापेक्षा, पुढच्या तारखेला तो डॉक्टरांना दाखवावा. संशोधनाला वेळ लागेल. दुखणाऱ्या गुडघ्याचा एक्स-रे मात्र आज काढता येतो.